बाहेरचे

परक्या देशाच्या माणसाला जर्मनीत ‘आउसलेंडर’ म्हणतात. ‘आउस’ म्हणजे बाहेर. १९६१च्या करारानंतर तुर्कस्तानातून तिथे कामगार गेले, तेव्हा त्यांना ‘गास्टआर्बाइटर’, म्हणजे पाहुणे कामगार, असं नाव पडलं. पाहुण्यांनी तिथेच संसार थाटले. पोरं तिथे जन्मली, जर्मन शाळेत शिकली, तरी कागदोपत्री आउसलेंडरच राहिली; कारण १९१३च्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व आईबापांच्या रक्तातून यायचं. तिथे जन्मल्याचा हक्क धरला जाऊ लागला तो १ जानेवारी २०००पासून, तोही अटी घालून.

या मुलांबद्दल वाचलं की मला मध्य प्रदेशात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेलं आमचं मराठी पांढुर्णा-सौंसर आठवतं. त्यांचे आईबाप निदान देश ओलांडून गेले होते. आम्ही जागचे हललोसुद्धा नाही.

१९५६पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. माझी आजी सौंसरला नांदली, माहेर नरखेडकडचं. कोर्टाची तारीख असो, मोठा दवाखाना असो की लग्नाचा बस्ता, सारं नागपूरला. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि आजीचं माहेर परराज्यात गेलं. बस्ता मात्र पुढेही नागपूरलाच बांधला जायचा.

आजही घरात “जेवला का गा?” असंच विचारतात. संत्र्याला आंबिया बहर धरायचा की मृग, यावर इथे जसा वाद रंगतो तसाच वरुड-काटोललाही. पोळ्याला झडत्या होतात. कचेरीत गेलं की हिंदी.

नागपूरच्या एका कॉलेजात प्रवेशाला गेले तेव्हा खिडकीतल्या बाबूने अर्ज उलटापालटा केला. “डोमिसाईल एमपीचं आहे ना? मग तुम्ही बाहेरच्या.” बोली माझीच होती त्याची. पुढे भोपाळला नोकरीत “आप तो महाराष्ट्र की हैं” हे ऐकलं. पहिलं जास्त लागलं, कारण ते आपल्या माणसाकडून आलं.

आपल्यातल्याच माणसाला बाहेरचं ठरवणं महाराष्ट्रानेही केलंच आहे. पिढ्यांमागे उत्तरेतून आलेल्यांना ‘परदेशी’ म्हटलं, आणि काही घरांचं ते आडनावच होऊन बसलं. घरात मराठी बोलणारे, इथल्याच मातीत वाढलेले परदेशी! माणूस कुठे राहतो, कुणाच्या सुखदुःखाला धावतो, हे आधी विचारावं आणि दाखला मग मागावा, असं मला मनापासून वाटतं.

२०२३मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. आनंद झाला, छिंदवाड्याची खेप वाचली. पण नागपुरात शिकायला निघालेल्या आमच्या पोरापोरींना अर्जात अजूनही परराज्याचाच रकाना भरावा लागतो.