आईचा रिपोर्ट आणि वहिनींचा रिपोर्ट

२९ डिसेंबर २०२२, गुरुवार. संध्याकाळची ओपीडी संपत आली होती आणि माझं निम्मं लक्ष शनिवारच्या विमानाकडे होतं. आई, दादा-वहिनी, मी, बायको आणि लेक असे सहा जण सिंगापूरला निघणार होतो. तिथून तीन रात्रींची क्रूझ. बुकिंग गणपतीतच करून ठेवलेलं. तेवढ्यात लेकीचा मेसेज आला, "बाबा, बातम्या बघितल्या का?"

बातमी अशी होती. चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंड या सहा ठिकाणांहून भारतात येणाऱ्यांना १ जानेवारीपासून आरटीपीसीआर सक्तीची. चाचणी प्रवासाआधीच्या ७२ तासांतली हवी आणि रिपोर्ट 'एअर सुविधा' पोर्टलवर चढवायचा. हे पोर्टल सरकारने नोव्हेंबरमध्येच बंद केलं होतं. चीनने डिसेंबरमध्ये निर्बंध उठवले, तिथे रुग्ण वाढले आणि आपल्याकडे पुन्हा धास्ती पसरली. गंमत म्हणजे सिंगापूरला जाताना लस घेतलेल्यांना कुठलीच चाचणी लागत नव्हती. अडचण परत येताना होती.

आधी मी हिशोब केला. परतीचं विमान ६ जानेवारीच्या रात्री. बहात्तर तास मागे मोजले की ३ तारखेची रात्र, म्हणजे आम्ही भर समुद्रात. जहाज ५ तारखेला सकाळी बंदराला लागणार. त्याच दुपारी स्वॅब दिला, तर ६ तारखेपर्यंत रिपोर्ट हातात येईल. जमत होतं. बायकोला म्हटलं, "एक दुपार जाईल, बाकी काही नाही."

घरी पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं की आईला ३ डिसेंबरला कोविड झाला होता.

आई ७८ वर्षांची. मधुमेह आहे, रात्री इन्सुलिन घेते. लशीचे दोन डोस आणि बूस्टर झालेले. दोन दिवस ताप, चार दिवस खोकला, एवढ्यावर निभावलं. तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारत होती. ही सगळी सहल मुळात तिच्यासाठी होती. लहानपणी ती भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकणात जायची. खाडीच्या तोंडाशी बोट थांबली की पडावात उतरायचं, कोणाला बोट लागायची, कोणाची ट्रंक भिजायची, या गोष्टी आम्ही शंभर वेळा ऐकल्या आहेत. "एकदा पुन्हा मोठ्या बोटीत बसायचंय रे," असं ती म्हणाली होती.

इथे थोडं शास्त्र सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आरटीपीसीआर चाचणी विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे बघत नाही. ती विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा तुकडा शोधते आणि त्याच्या पुन्हा पुन्हा प्रती काढते. प्रत्येक फेरीला प्रती साधारण दुप्पट होतात. किती फेऱ्यांनंतर तुकडा दिसला, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. (छातीच्या सीटी स्कॅनशी याचा संबंध नाही. हा गोंधळ माझ्या ओपीडीत आजही होतो.) आकडा लहान, म्हणजे नमुन्यात माल भरपूर. आकडा मोठा, म्हणजे अगदी थोडा. आपल्याकडे आयसीएमआरने ३५ ही रेषा ठरवलेली होती. त्याच्या आत आलं तर पॉझिटिव्ह.

आता एखाद्या मंगल कार्यालयाचा विचार करा. लग्न लागलं, पंगती उठल्या, वऱ्हाड गेलं, मांडव उतरला. तरी दुसऱ्या दिवशी झाडताना कोपऱ्यात अक्षता सापडतातच. त्या अक्षता बघून कोणी म्हणालं की इथे लग्न चालू आहे, तर? बऱ्या झालेल्या माणसाच्या नाकात विषाणूचे असे मेलेले तुकडे काही आठवडे, क्वचित तीन महिन्यांपर्यंत सापडू शकतात. साध्या, घरच्या घरी बऱ्या झालेल्या कोविडमध्ये दहा दिवसांनंतर माणूस सहसा दुसऱ्याला संसर्ग देत नाही. म्हणून तर आम्ही डॉक्टर सांगत आलो, की बरं झाल्यावर पुन्हा आरटीपीसीआर करू नका. मी स्वतः शेकडो लोकांना सांगितलं असेल.

त्यातला एक जण मला अजून टोचतो. मर्चंट नेव्हीतला इंजिनिअर, दुसऱ्या लाटेत आजारी पडून बरा झालेला. जहाजावर रुजू व्हायच्या आधी कंपनीला निगेटिव्ह रिपोर्ट लागणार होता. पाच आठवडे झाले होते. "येईल निगेटिव्ह, काळजी करू नका," असं मी दुसऱ्या पेशंटची फाइल चाळता चाळता बोलून गेलो. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्याच्या जागी दुसरा माणूस गेला आणि पुढचं जहाज मिळेपर्यंत हा कित्येक महिने बिनपगारी घरी बसला. तो मला काही बोलला नाही. पण "शक्यता कमी आहे" आणि "होणार नाही" यातला फरक मी त्याला सांगायला हवा होता.

त्या गुरुवारी रात्री हाच फरक माझ्या घरात येऊन बसला. आईची चाचणी सिंगापुरात पॉझिटिव्ह आली तर तिला विमानात घेणार नव्हते. मग परक्या शहरात, हॉटेलच्या खोलीत, इन्सुलिनसकट किती दिवस?

शुक्रवारी सकाळी मी कोणत्याही नियमात न बसणारी गोष्ट केली. आईची आरटीपीसीआर पुण्यातच करून घेतली. २०२० च्या सुरुवातीला खासगी लॅबमध्ये याच चाचणीचे साडेचार हजार मोजावे लागायचे. आता ती पाचशेच्या आत होत होती, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नव्हता. मला फक्त आपण कुठे उभे आहोत हे बघायचं होतं. संध्याकाळी रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह, सीटी ३४.

अक्षताच होत्या त्या, मला शंका नव्हती. पण कागदावर 'पॉझिटिव्ह' हाच शब्द होता.

मग सल्ले सुरू झाले. एक ओळखीचा म्हणाला, "सर, तारीख बदलायला किती वेळ लागतो?" दुसऱ्याने सुचवलं, की स्वॅब नाकाच्या तोंडाशीच फिरवायला सांगा, काही येत नाही. खोटं कशाला बोलू, क्षणभर मनात विचार आला. चाचणीला ज्याचा शोध घ्यायचाय तो धोका आईत नाहीच, मग फसवणूक कोणाची? पण हाच युक्तिवाद माझ्यासमोर पेशंट करतात तेव्हा मी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवतो. एजंटने मात्र एक सरळ वाट सांगितली. यादीत मलेशिया नाही. आईचा रिपोर्ट अडकलाच, तर बसने क्वालालंपूरला जायचं आणि तिथून भारतात यायचं. कायद्यात बसत होतं. आईपासून कोणालाही लागण होणार नव्हती. मला ते पटलं. मी नंबर लिहून घेतला.

शेवटी आईलाच सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "माझ्यामुळे बोटीवर कोणी आजारी पडणार नाही ना?"

"नाही."

"आणि अडकले तर?"

"मी तुझ्याबरोबर थांबेन."

"मग चला की."

दहा दिवस जादा पुरतील इतक्या औषधांचा आणि इन्सुलिनचा हिशोब केला. सगळं हातातल्या बॅगेत ठेवलं, कारण सामानात टाकलेलं इन्सुलिन विमानाच्या पोटात गोठू शकतं. इंग्रजीत चिठ्ठी, प्रिस्क्रिप्शन, आईचा ३ डिसेंबरचा जुना रिपोर्ट, सगळं बरोबर घेतलं आणि निघालो.

जहाजाबद्दल फार लिहीत नाही. आई डेकवर बसून राहायची. बोट कोणालाच लागली नाही, याचं तिला जरा वाईट वाटलं असावं. मी मात्र डॉक्टरकी विसरू शकलो नाही. बुफेच्या रांगा, लिफ्ट, नाट्यगृह. बरोबर एक वर्षापूर्वी, जानेवारी २०२२ मध्ये, मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया जहाजावर सुमारे दोन हजार जणांच्या चाचण्या झाल्या, ६६ पॉझिटिव्ह निघाले आणि जहाज मुरगाव बंदरातून मुंबईला परतलं. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरातली डायमंड प्रिन्सेस. ३,७११ माणसं, ७०० हून अधिक बाधित, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना चाचणीच्या वेळी काही त्रासही होत नव्हता. श्वसनाच्या आजाराला जहाजासारखी सोयीची जागा नाही.

दुसऱ्या रात्री वहिनी म्हणाल्या, घसा जरा खवखवतोय, एसीचा असेल. मी बरोबर नेलेल्या किटवर त्यांची अँटिजेन चाचणी केली. निगेटिव्ह. मीही म्हटलं, एसीच असेल. हे मी म्हटलं, हे इथे नोंदवून ठेवतो. अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे आजार नाही असं होत नाही. सुरुवातीला विषाणू कमी असतो, तेव्हा ती चुकू शकते. लक्षणं असतील तर एक-दोन दिवसांनी पुन्हा करायची असते. मास्क लावायला सांगितला, एवढंच काय ते बरोबर केलं.

५ तारखेला दुपारी सहा स्वॅब दिले. पुण्याच्या कितीतरी पट पैसे गेले. रात्री चार रिपोर्ट आले, चारही निगेटिव्ह. आईचा आणि वहिनींचा बाकी. आई झोपली. मी क्वालालंपूरच्या बसचं वेळापत्रक उघडून बसलो होतो.

सकाळी सातला दोन्ही आले. आई निगेटिव्ह. वहिनी पॉझिटिव्ह, सीटी १९.

एजंट तत्पर माणूस. त्याने लगेच फोनवर सांगितलं, "सर, मलेशियाचा प्लॅन तयारच आहे. मॅडमना दुपारच्या बसमध्ये बसवू?" दादाही आशेने माझ्याकडे बघत होता. एका आठवड्यापूर्वी मीच घरच्यांना पटवलं होतं की ही पळवाट नाही, साधी वाट आहे.

मी नाही म्हटलं. दादाला ते लागलं. "आईसाठी चालत होतं, आणि हिच्यासाठी नाही?" त्याचा प्रश्न रास्त होता आणि मला तो हॉटेलच्या लॉबीत उभ्या उभ्या समजावून सांगायचा होता. आईचा पॉझिटिव्ह रिपोर्ट संपलेल्या आजाराचा होता. वहिनींचा आजार आता सुरू होत होता. घसा दुखतोय, ताप चढतोय, सीटी १९. ही बाई पाच-सहा तास बंद बसमध्ये आणि मग विमानात बसली, तर शेजारी कोणाची तरी आई असेल. वहिनी खोलीच्या दारातूनच म्हणाल्या, "भावजी, मी थांबते. तुम्ही आईंना घेऊन जा."

दादा त्यांच्याबरोबर थांबला, वेगळ्या खोलीत. वहिनींना दोन दिवस ताप आला, पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी यावर त्या बऱ्या झाल्या. पण पुन्हा चाचणी निगेटिव्ह येईपर्यंत तिकीट पुढे ढकलावं लागलं. ते दोघं पुण्याला पोचले तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. हॉटेलचा खर्च विम्यात बसला नाही. ती कलमं मी आधी वाचायला हवी होती.

नियमाबद्दल माझं मत तेव्हापासून जरा अडखळतं. ऐन वेळी आलेला, बऱ्या झालेल्यांची पंचाईत करणारा नियम म्हणून मी त्याला शिव्या घालत होतो. त्याच नियमामुळे वहिनी आईच्या शेजारच्या सीटवर बसल्या नाहीत. नियम नसता तर मी त्यांची चाचणी केली असती का? एसीच असेल म्हणून बसलो होतो. १३ फेब्रुवारी २०२३ पासून त्या सहा ठिकाणांसाठीची ही सक्ती उठली.

मधल्या काळात, जानेवारीच्या शेवटी, एक पेशंट आले. नवरा-बायको बँकॉकला निघाले होते. थायलंडही त्या सहांत होतं. लशीची सर्टिफिकेटं, पासपोर्टच्या झेरॉक्स, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावून आणलेलं. "डॉक्टर, येताना आरटीपीसीआर लागते म्हणे. आम्हाला तर काहीच त्रास नाही. निगेटिव्हच येईल ना?"

मी विचारलं, "गेल्या तीन महिन्यांत कोविड झाला होता का?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "हिला झाला होता, दिवाळीनंतर. पण आता ठणठणीत आहे."

मी बाहेर निरोप दिला की पुढच्या पेशंटला दहा मिनिटं थांबायला सांगा, आणि त्यांना बसवून घेतलं.