धुराची पाळी

आमच्या गांवीं, भंडारा जिल्ह्यांत, मालगुजारी तलावाचें पाणी धानास पाळीनें मिळे. लहानपणीं वडिलांबरोबर कंदील घेऊन मी पाटावर जागलों आहें. पाळी मोडणारास पंच दंड करीत आणि तो पैसा तलावाची पाळ बांधण्यास लागे.

परवां विजेचें बिल वाचतांना नातवानें विचारलें, “आजोबा, धुराचे पैसे यांत कोठें?” मी निरुत्तर झालों. धाकटा चिरंजीव औष्णिक वीजकेंद्रांत नोकरीस. आमचें अन्न त्या धुरावरच शिजतें.

सरकारनें २०१० सालीं कोळशावर टनामागें ५० रुपये उपकर बसविला. २०१६ पर्यंत तो ४०० झाला. २०१७ पासून त्याचें उत्पन्न राज्यांच्या करभरपाईकडे वळलें आणि २०२५ सालीं उपकर उठून वस्तु-सेवा कर ५ चा १८ टक्के झाला. २०२३ च्या कार्बन-व्यापार योजनेनें, ठरल्या मानाहून अधिक कर्बवायु सोडणाऱ्या कारखान्यांनीं प्रमाणपत्रें विकत घ्यावयाचीं आहेत. २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचें देशाचें ध्येय आहे.

चिरंजीवाच्या नोकरीस यानें धक्का बसूं शकेल, हें मी जाणतों. तरी नातवास म्हटलें, “बाळ, आकाश हाही सर्वांचा तलावच. पाळी आपल्या घरासही चुकत नाहीं. मात्र दंडाचा पैसा पाळ बांधण्यासच लागला पाहिजे.”