रिकामा पिंजरा

सध्या आमच्या घरात एक गंमत चालू आहे. ओसरीवर एक ऐसपैस पिंजरा ठेवला आहे. त्यात पाण्याची वाटी आहे, दाण्याची वाटी आहे, बसायला लिंबाच्या काड्या आहेत. पण आत पाखरू नाही! तरीही माझी दोन्ही लेकरं रोज सकाळी उठून त्या वाटीतलं पाणी बदलतात, खालचा कागद काढून नवा अंथरतात. शेजारच्या मावशी परवा म्हणाल्या, "का गं, पाखरू उडून गेलं की काय तुमचं?"

उडून नाही गेलं. अजून यायचंच आहे!

झालं असं, की फेब्रुवारीत आम्ही अंबाजोगाईहून मुलांच्या आजोळी गेलो होतो. ज्वारी भरात आली होती. कणसांवर राघूंचे थवे उतरत होते आणि मामा गोफण घेऊन माळ्यावर उभा होता. बांधावर एक जुना लिंब आहे. त्याच्या ढोलीतून बारीक आवाज येत होता. तिथला एक मुलगा म्हणाला, "राघूची पिल्लं हायेत. काढून देऊ का?"

झालं! आमची धाकटी तर नाचायलाच लागली. "आई, दोन नेऊ या ना! एकाचं नाव राघू, एकाचं मैना!" थोरल्यानं पिंजरा कुठं टांगायचा तेही ठरवून टाकलं. दोघं माझ्याकडं बघू लागली. मी मात्र गप्प झाले. कारण मी सहावीत असताना अगदी हेच केलं होतं.

माझ्या राघूचं नाव होतं मिठू. अंगावर धड पिसंही नव्हती, तेव्हा त्याला ढोलीतून काढून आणलं. भिजवलेली डाळ, मिरची, पेरू असं खाऊन तो मोठा झाला. "विठ्ठल विठ्ठल" म्हणायला शिकला. सगळी गल्ली त्याला बघायला यायची आणि मी ऐटीत मिरवायची. तो उडून जाऊ नये म्हणून घरच्यांनी त्याचे पंख कातरले. मीच त्याला धरून ठेवलं होतं. संध्याकाळी आभाळातून राघूंचा थवा ओरडत गेला, की मिठू पिंजऱ्याच्या तारा चोचीनं ओढायचा. मला वाटायचं, तो खेळतोय.

चौथ्या वर्षी एकदा पाणी ठेवताना दार माझ्याच हातून उघडं राहिलं. मिठू बाहेर आला, पंख फडफडवले आणि अंगणात धपकन पडला. मी धावले. पण मांजर माझ्यापेक्षा जवळ होतं.

मी मांजराला धोंडे मारत रडत होते. तेव्हा आजी म्हणाली, "लेकरा, मांजराला काय मारतीस? पंख तर आपणच कातरले."

मुलांनो, ते वाक्य मी अजून विसरले नाही. त्या दिवशी लिंबाखाली बसून मी ही गोष्ट माझ्या लेकरांना पहिल्यांदाच सांगितली. धाकटीचे डोळे भरून आले. ढोलीला कुणी हात लावला नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हांला ठाऊक असायला हवी. आपला हिरवा राघू पकडणं, विकणं आणि घरात पाळणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण दिलं आहे. बाजारात कुणी टोपलीत राघूची पिल्लं विकत असेल, तर दया येऊनसुद्धा घेऊ नका. आपण दोन घेतली, की तो आणखी चार ढोल्या रिकाम्या करतो! झाडावरून पडलेलं पिल्लू सापडलं, तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा. आपल्या बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात तागडगावला 'सर्पराज्ञी' नावाचं केंद्र आहे. सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे यांनी ते उभं केलं. जखमी पशुपक्ष्यांना बरं करून पुन्हा रानात सोडायचं, हे तिथलं काम.

"मग आपण पाखरू पाळायचंच नाही का?" थोरल्यानं विचारलं.

पाळता येतं. दुकानदार ज्यांना 'लव्हबर्ड' म्हणतात, ती हिरवी, निळी, पिवळी चिमुकली पाखरं म्हणजे खरं तर बजरीगर. हेही पोपटांच्याच कुळातले. त्यांचं मूळ घर ऑस्ट्रेलिया. १८४० साली जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञानं ते इंग्लंडला नेले आणि तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या ते माणसांच्या घरीच जन्मत आले आहेत. त्यांना पाळायला आपल्याकडं बंदी नाही.

पण मी एक अट घातली. आधी पिंजरा आणायचा आणि महिनाभर त्या रिकाम्या पिंजऱ्याची देखभाल करायची. तीस दिवस एकही खाडा नाही! खाडा झाला, की पुन्हा एकपासून मोजायचं.

पिंजरा निवडताना आम्ही उंचीपेक्षा लांबी पाहिली. पाखरू आडवं उडतं, उभं नाही. तारांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, नाहीतर डोकं अडकतं. बसायच्या काड्या मुद्दाम लहानमोठ्या जाडीच्या घेतल्या, म्हणजे पायांना व्यायाम होतो. खायला राळे आणि बाजरी, शिवाय कोथिंबीर, पालक, गाजराचा कीस. चोच घासायला समुद्रफेस. चहा, चॉकलेट आणि खारट फरसाण बिलकूल नाही. पिंजऱ्यात मडकंही टांगायचं नाही. मडकं दिसलं, की जोडी अंडी घालते आणि नवशिक्याची तारांबळ उडते!

घरातही बदल करावे लागले. उदबत्तीचा आणि फोडणीचा धूर या पाखरांना सोसत नाही, म्हणून पिंजरा देवघरापासून आणि स्वयंपाकघरापासून लांब. पाखरं बाहेर सोडायची असतील, तर आधी छताचा पंखा बंद, खिडक्या बंद. रात्री पिंजरा घरात घ्यायचा, कारण मांजर आमच्याही गल्लीत आहे. जनावरांच्या डॉक्टरांना आधीच भेटून आलो. त्यांनी बजावलं, "पाखरू दुखणं लपवतं. पिसं फुलवून गप्प बसलं, की लगेच घेऊन या."

आणायची ती दोन पिल्लं, कारण ही थव्यातली जात, एकटं पाखरू झुरतं. स्वतःच्या चोचीनं दाणे टिपणारी, निदान सहा आठवड्यांची हवीत. पिल्लू ओळखायची खूण सोपी आहे. कपाळावरच्या बारीक पट्ट्या थेट नाकापर्यंत येतात आणि डोळा पूर्ण काळा असतो. आल्यावर पहिले काही दिवस त्यांना हात लावायचा नाही. नुसतं जवळ बसून हळू बोलायचं.

आणि तीस दिवसांचं काय झालं म्हणता? अकराव्या दिवशी क्रिकेटच्या नादात दोघंही पाणी बदलायला विसरली. धाकटी म्हणाली, "आई, आत कुणी नाहीच की! कुणाला तहान लागली?" मी काहीच बोलले नाही. थोरला मात्र उठला आणि कॅलेंडरवर पुन्हा 'एक' लिहून आला. त्या दिवशी मला वाटलं, ही पोरं पाखरं सांभाळतील.

आज तेविसावा दिवस आहे. तीस पुरे झाले तरी घाई करणार नाही. आपल्याकडचं चाळीस अंशांचं ऊन सरू दे, पहिला पाऊस पडू दे, मग आणू. ही पाखरं नीट सांभाळली तर सात-आठ वर्षं सहज जगतात. तोवर थोरला कॉलेजात जाईल, पण पाण्याची वाटी रोजच भरावी लागेल!

तुमच्या मनात पाखरू आणायचं असेल, तर तुम्हीही हे करून बघा. रिकाम्या पिंजऱ्याची एक महिना काळजी घ्या. तेवढ्यात कंटाळा आला, तर वाईट वाटून घेऊ नका. अंगणात पाण्याचं परळ ठेवा, पाखरं आपणहून येतील.

हो, एक सांगायचं राहिलंच. पाडव्याला मामाचा फोन आला होता. लिंबाची ढोली आता रिकामी झाली. पिल्लं उडाली!