रिकामी टाकी

बाबा गेले, त्यांची १९९४ची मारुती ८०० मागे राहिली. सणावाराला बाहेर काढायची, एरवी अंगणात. गेल्या मे महिन्यात आई म्हणाली, "अंगणात पेट्रोलचा वास येतोय रे." वाकून पाहिलं, तर टाकीच्या तळाला गंजलेल्या जागी ओल. बेळगावचे पावसाळे काय पत्र्याला सोडतात होय?

माझा हिशेब सरळ होता. टाकी काढायची, वेल्डिंगचा टाका मारायचा, परत बसवायची. उद्यमबागेतल्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रींना म्हटलं, "टाकी रिकामी केल्यावर भीती कसली?"

त्यांनी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आवळलेली.

"ती पण रिकामीच होती की ओ सर."

शिकाऊ असताना उस्तादानं टाका मारायला सांगितलेला. भरल्या टाकीत वाफेला आणि हवेला जागा कमी. रिकामीत तळाचं चमचाभर पेट्रोल वाफ होऊन हवेत मिसळतं. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ असली, की एक ठिणगी पुरते.

गाडी आम्ही उघड्या अंगणातच ठेवली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचते. म्हणून गॅरेजचा खड्डा नको. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. पेट्रोल हातपंपानं पत्र्याच्या डब्यात घेतलं, डबा जमिनीवर टेकवून. तोंडानं नळी ओढायची नाही, ही ताकीद. गाडी जॅकवर न ठेवता लोखंडी घोड्यांवर. शेजारी वाळूची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर. आईनं स्वयंपाकघरातला गॅस बंद केला.

आणि तरीही चूक मीच केली. बोल्ट दिसेनात म्हणून घरातून वायरचा बल्ब लावून आणला. मिस्त्री गाडीखालून ओरडले, "तिथंच थांबा! लांबूनच बंद करा!" तापलेल्या बल्बवर पेट्रोलचा थेंब पडून काच तडकली असती तर? त्यानंतर मी नुसता पाने देत बसलो.

जुन्या टाकीला टाका मारलाच नाही. दुसरी आणून बसवली. रबरी नळ्या, क्लिपा, काट्याच्या फ्लोटखालचं गॅस्केट, सगळं नवं. आधी दोनच लिटर ओतलं, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि अर्धा तास वाट पाहिली. कागद कोरडा राहिला, वासही नाही. बॅटरी सगळ्यात शेवटी जोडली.

संध्याकाळी भंगारवाला आला. टाकी त्याच्या गाड्यावर चढली आणि माझ्या डोळ्यांसमोर ती बाही आली. पुढं कुणीतरी हिला गॅस कटर लावणार. टाकी उतरवून घेतली. ऑइल पेंटनं मराठीत लिहिलं, 'पेट्रोलची टाकी. आच लावू नये.' खाली तेच शेजारच्या अण्णांकडून कन्नडमध्ये लिहून घेतलं.

भंगारवाला म्हणाला, "रिकामीच आहे की ओ सर."

मग त्याला बसवून घेतलं, चहा दिला आणि मिस्त्रींच्या हाताची गोष्ट सांगितली.