सोलापूरच्या थंडीतले लाल दाणे

संक्रांतीच्या सुमारास सोलापूरला जाण्याचा योग आला, तर आपण तो दवडू नये. हे शहर एरवी उन्हासाठी प्रसिद्ध. पण या दिवसांत इथली पहाट सुखद गार असते. श्री सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरलेली असते, सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि बाजारात हातगाड्यांवर डाळिंबांचे ढीग लागतात. ढिगाच्या माथ्यावर एक फळ उकलून ठेवलेले असते. त्याच्या दाण्यांचा रंग नीट पाहावा.

डाळिंब आता बारमाही मिळते. मग थंडीच्याच फळाचे एवढे कौतुक का? या झाडाला आंबे, मृग आणि हस्त असे तीन बहर धरता येतात. कोणता धरायचा हे बागायतदार ठरवतो. तो बागेचे पाणी तोडून झाडाला ताण देतो, पानगळ करवतो, हलकी छाटणी करून पुन्हा पाणी सोडतो. मग झाड फुलते. फुलापासून पक्व फळापर्यंत पाच-सहा महिने लागतात. म्हणजे जून-जुलैत फुललेल्या मृग बहराचे फळ ऐन थंडीत हाती येते. त्यात जोखीमही आहे. पावसाळी दमट हवेत तेल्या रोग बळावतो आणि सबंध बाग हातची जाते. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या कमी पावसाच्या तालुक्यांत हे पीक रुजले, त्यामागे कोरड्या हवेचाही वाटा आहे. मृग बहराच्या फळाचा भाव ऐकून नाक मुरडण्याआधी एवढे आठवावे.

दाण्यांना लाल रंग देणाऱ्या द्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. इटलीतील सिसिली बेटावर, एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी पिकणाऱ्या रक्तसंत्र्याचा गरही याच द्रव्यांमुळे तांबडा होतो, आणि त्याला रात्रीचा गारवा लागतो; गारवा नसेल तर गर फिका राहतो. डाळिंबाचा स्वभावही काहीसा असाच आहे. कडक उन्हाळ्यात पिकलेल्या फळापेक्षा थंडीतल्या फळाचे दाणे अधिक गडद असतात.

ज्येष्ठ वाचकांना ‘गणेश’ जातीचे मऊ बियांचे, फिकट गुलाबी डाळिंब आठवत असेल. आज गाडीवर दिसते ते बहुधा ‘भगवा’. पुणे रस्त्यावर केगाव येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व अधिक असलेला ‘सोलापूर लाल’ हा वाण तिथेच तयार झाला. २०१६ मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आता थोडे स्पष्ट बोलायला हवे. ‘डाळिंबाने रक्त वाढते’ हे आपण घरोघरी ऐकतो. माझ्या पुतणीचे हिमोग्लोबिन कमी निघाले, तेव्हा गोळ्यांनी मळमळते म्हणून आम्ही त्या बंद केल्या आणि तीन महिने तिला रोज डाळिंबाचा रस दिला. पुन्हा तपासणी केली, तर आकडा जिथल्या तिथे. कारण साधे होते. नेहमीच्या डाळिंबाच्या शंभर ग्रॅम दाण्यांत लोह असते जेमतेम ०.३ मिलिग्रॅम, प्रौढ स्त्रीसाठी दिवसाची शिफारस आहे २९ मिलिग्रॅमची. रंग रक्ताचा, म्हणून आपण फसलो. मळमळ होते हे डॉक्टरांना आधीच सांगितले असते, तर गोळी किंवा तिची वेळ बदलून मिळाली असती. पुढे तसेच झाले.

मग डाळिंब खायचे कशासाठी? शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे ४ ग्रॅम तंतू, थोडे क जीवनसत्त्व, पोटॅशियम आणि ती रंगद्रव्ये मिळतात. लोहासाठी सोलापूरकरांचे भोगीचे ताट पाहा: तीळ लावलेली बाजरीची भाकरी, हरभरा-वाटाणा घातलेली मिसळीची भाजी. बाजरीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते. धान्यातले लोह शरीराला सहजी मिळत नाही. क जीवनसत्त्व त्याला मदत करते. म्हणून त्या ताटात लिंबाची फोड हवीच, आणि शेजारी वाटीभर दाणे. चहा मात्र तासभर लांबवावा.

रसापेक्षा दाणेच खावेत. गाळताना तंतू मागे राहतात आणि पेल्यात साखर उतरते, हे मधुमेह असलेल्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर रोज पेलाभर रस सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. अगदी लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात. ठेचून, गाळून, चमचाभर द्यावे.

निवडताना आकारापेक्षा वजन पाहावे. पिकलेले फळ हातात जड लागते, त्याच्या गोलाईला किंचित कंगोरे येतात. तडकलेले घेऊ नये. फटीतून बुरशी शिरते. घरी आणल्यावर मुकुटाकडचा भाग चकतीसारखा काढावा, आतल्या पांढऱ्या पडद्यांच्या रेषेवर सालीला उभ्या चिरा द्याव्यात आणि फळ हातांनी उकलावे. दाणे अखंड सुटतात. मुलांना हे काम आवडते. फक्त शाळेचा पांढरा सदरा आधी बदलायला लावावा, कारण हा डाग धुऊन जात नाही.