वाट अडली? सहा महिने मोजा

उन्हाळ्यात आपली भातखाचरं मोकळी असतात. पळसदरीकडे तारेची कुंपणं पडतात ती नेमकी तेव्हाच. प्लॉट विकला जातो, जुनी गाडीवाट आत जाते. कोणी बोलत नाही, कारण त्याच फार्महाऊसवर आपल्या घरचं कोणीतरी कामाला असतं. लावणीला पॉवर टिलर शेजाऱ्याच्या खाचरातून काढतो, वेळ भागवतो. दिवाळीत भारे आणताना मग भांडण पेटतं.

तोवर मुदत गेलेली असते. मामलतदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5: वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदारांकडे दावा, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. फेब्रुवारीत कुंपण, तर ऑगस्टपर्यंतच. कर्जतला आमचे वकील सांगतात, लोक येतात ते नोव्हेंबरात!

वाट आधी नव्हतीच, तर जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143. त्यात बांधावरून नवी वाट मागता येते, सहा महिन्यांची अट नाही. पण जुन्या वाटेला उगाच 143 लावू नका. नवी मागितली म्हणजे जुनी नव्हतीच, असं समोरचा म्हणणार.

गावनकाशाची नक्कल काढून ठेवा. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग. कुंपणाचा फोटो त्याच दिवशी काढा. शेजारच्या खातेदारांचे जबाबही लागतात, तेव्हा त्यांच्याशी बिघडवू नका.