छत्री एकदाच, रिचार्ज कायमचा

‘नवं कनेक्शन केवढ्याला पडेल?’ असं गिऱ्हाईक विचारतं तेव्हा त्याच्या मनात छत्री आणि बॉक्सची किंमत असते. डिश बसवण्याच्या धंद्यात मुरल्यावर मला ठामपणे वाटतं, की तो आकडा दुय्यम आहे. घराला जड जातो तो रिचार्ज. महिन्याला 300 रुपयांचा पॅक घेतला तर पाच वर्षांत 18,000 रुपये होतात.

फेब्रुवारी 2019 पासून ‘ट्राय’च्या नियमानुसार बिलाचे दोन भाग झाले. एक, वाहिन्या घरापर्यंत पोचवण्याची नेटवर्क फी. दुसरा, सशुल्क वाहिन्यांची किंमत. फी सुरुवातीला 100 वाहिन्यांना जास्तीत जास्त 130 रुपये होती, जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. पुढच्या वर्षी तेवढ्याच पैशांत 200 वाहिन्या देणं बंधनकारक झालं. जुलै 2024 मध्ये मात्र ही कमाल मर्यादाच उठली. त्यामुळे कनेक्शन घेताना फी किती आणि वाहिन्यांचे किती, हे वेगवेगळं विचारा. घरात दुसरा टीव्ही असेल तर त्याचं काय लागेल, तेही तेव्हाच. बऱ्याच घरांत एकच वाहिनी साधी आणि एचडी अशी दोनदा पॅकमध्ये असते आणि पैसेही दोनदा जातात. हे पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं.

बातम्या, जुने सिनेमे, सह्याद्री एवढ्यावर ज्यांचं भागतं, त्यांना मी डीडी फ्री डिशच सुचवतो, मग माझा पुढचा धंदा बुडाला तरी चालेल. 2004 साली सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही. एकदाच साधारण 2000 रुपये. सशुल्क वाहिन्या त्यावर मिळत नाहीत, हे आधीच समजून घ्यावं. बॉक्स एमपेग-4 चाच घ्या. जुन्या एमपेग-2 बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत. उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे, म्हणजे आपल्याकडे छत्रीचं तोंड आग्नेयेला. त्या बाजूला झाड किंवा शेजारची इमारत आडवी येत असेल तर जागा बदलावी लागते.

काटकसर करू नये ती वायर आणि क्लॅम्पमध्ये. डीटीएचचे सिग्नल केयू बँडमध्ये येतात आणि जोराच्या पावसात ते क्षीण होतात. छत्री नेमकी जुळवलेली असेल तर साधी सर निभावते. जराशी हललेली असेल, मधे वायरला जोड असेल, जोडात पाणी शिरलं असेल, तर श्रावणातल्या सरीतही पडदा काळा होतो. कोकणात खाऱ्या हवेने साधे नटबोल्ट लवकर गंजतात; तिथे गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टीलचेच लावून घ्या.

या दिवाळीत रिचार्ज करण्याआधी पॅकमधल्या वाहिन्यांची यादी मागवा. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः दिवसभर घरी असणाऱ्या आजी-आजोबांना, काय बघता ते विचारा आणि बाकीच्या वाहिन्या काढायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.